पाहुण्यांशिवाय मांडू

गुरुवारी सकाळी साडेदहाला मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मॅडम, आजपासून तुमची मँडेटरी लीव्ह." करन्सी चेस्ट, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीनं ठेवलेल्या रोकडीची तिजोरी, सांभाळणाऱ्यांना वर्षातून एकदा सलग दहा कामाचे दिवस रजेवर जावंच लागतं, आणि तेही आधी न कळवता. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. ज्याच्या हातात रोकड, तो नसताना दुसऱ्यानं त्याचं काम करून बघायचं. काही गफलत असेल तर ती तेव्हा उघडी पडते. नियम योग्यच आहे. रोकड मोजून झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या, किल्ल्यांचा चार्ज दिला. दुपारी एकपर्यंत माझं लॉगिनही बंद झालं होतं.

येत्या फेब्रुवारीअखेर मी रिटायर होते आहे. त्या दिवशीही हेच होणार. मोजणी, सह्या, किल्ल्या, लॉगिन. स्कूटर काढताना वाटलं, झाली आपली रंगीत तालीम.

घरी हे पेपर वाचत बसले होते. पीएचईतून, म्हणजे पाणीपुरवठा खात्यातून, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. म्हटलं, "अहो, दहा दिवस सुट्टी मिळाली. कुठे जायचं?"

"तुझी सुट्टी, तूच सांग."

काश्मीर, केरळ, अंदमान हे सगळं आमचं एलएफसीवर, म्हणजे बँकेच्या प्रवास-सवलतीवर, बघून झालं आहे. बँक भाडं देते म्हटल्यावर माणूस लांबचंच निवडतो. जवळचं मात्र आम्ही कायम पाहुण्यांबरोबर बघितलं. इंदूरच्या मराठी घराला पाहुणे चुकत नाहीत. पुण्याची मावशी, नागपूरचे दीर, ठाण्याचे व्याही, कुणीही येवो, बेत ठरलेला. सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफा, एक दिवस उज्जैन-ओंकारेश्वर, एक दिवस मांडू, धारजवळचं ते जुनं किल्ल्याचं गाव. मांडूला मी पंधरा-सोळा वेळा तरी गेले असेन. दर वेळी पहाटे उठून पोळ्या, बटाट्याची भाजी, दहीभात. दर वेळी कुठल्यातरी कमानीखाली पिशव्या आणि चपला सांभाळत बसायचं. रूपमतीच्या मंडपाशी तर मी कधी वर गेलेच नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांना तो चढ झेपायचा नाही, त्यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून मी त्यांच्याबरोबर खाली, गाडीपाशी. वरून काय दिसतं ते मला इतरांच्या फोटोंतून माहीत.

"मला मांडू बघायचंय," मी म्हटलं. "पाहुण्यांशिवाय."

शुक्रवार : इंदूर

सुरुवात गावापासूनच करायची ठरली. राजेंद्रनगरहून राजवाड्याला जायचं म्हणजे एरवी काहीतरी काम असतं. साडीला फॉल लावायचा असतो, समया उजळायच्या असतात, कुणाच्या मुंजीचा आहेर घ्यायचा असतो. आज हात रिकामे होते. होळकरांचा हा राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. 1984 च्या दंगलीत त्याला आग लागली तेव्हा मी कॉलेजात होते. माहेर रामबागेत, तिथून चालत जाण्याइतकंच अंतर. नंतर काही दिवसांनी बाबा आम्हा भावंडांना तिकडे घेऊन गेले होते. जळालेल्या लाकडाकडे बघत ते बराच वेळ काही बोलले नाहीत, एवढंच आठवतं. पुढे जळालेला भाग पुन्हा बांधून काढला. आज आतल्या चौकात मी एका खांबाला टेकून उभी राहिले आणि घड्याळ बघितलं नाही.

तिथून कृष्णपुऱ्याच्या छत्र्या. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकर यांच्या या छत्र्यांवरून मी शाळेत असल्यापासून हजारदा गेले असेन, पण बसमधून किंवा स्कूटरवरून. आज पहिल्यांदा पायऱ्यांवर बसले. बाहेरच्या भिंतीवर ओळीनं शिपाई, वादक, घोडे कोरलेले आहेत. समोर कान्ह नदी आणि तिच्या कडेनं पुलावरची सगळी वर्दळ. शहराच्या इतक्या मधोमध इतकी स्वस्थ बसायची जागा आहे, हे मला एकोणसाठाव्या वर्षी कळलं.

रात्री सराफा. दिवसभर सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. पाहुणे असले की आम्ही त्यांना दहीवडा, खोबऱ्याचं पॅटिस, मालपुवा, हातभर जिलबा असं सगळं खायला घालत पळवतो. आज आम्ही दोघांनी एकच ठरवलं, भुट्ट्याचा कीस. कारण हेच दिवस त्याचे. देशी, दुधाळ कणसं आता बाजारात आहेत. महिन्याभरानं ती जून होतील आणि मग ती चव राहणार नाही.

गाडीशेजारी उभी राहून मी सगळं बघितलं. दाणे सोलत नाहीत, कणीस अख्खंच किसणीवर धरतात, त्यामुळे आतलं दूध कढईतच उतरतं. तुपात मोहरी, हिंग, हिरवी मिरची. मग कीस घालून मंद आचेवर परततात आणि थोडं थोडं दूध शिंपतात. कडेनं तूप सुटायला लागलं की झालं. वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबू आणि चिमूटभर जिरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला. त्या कारागिराच्या हातातलं उलथनं क्षणभरही थांबत नव्हतं. म्हणाला, "थांबलं की बुडाला लागतं, काकी." घरी माझा कीस का लागतो ते आज समजलं. मी मध्ये फोन घ्यायला जाते.

शनिवार : पातालपाणी ते कालाकुंड

वाटेत महूला बाबासाहेबांच्या जन्मस्थानी थांबलो. 14 एप्रिलला इथे पाय ठेवायला जागा नसते. आज पावसात धुतलेला संगमरवर आणि आतमध्ये नागपूरकडून आलेलं एक कुटुंब. त्यातली आजी मूर्तीसमोर डोळे मिटून उभी होती. आम्हीही थोडा वेळ बसलो.

मग पातालपाणी. चोरल नदी इथे कड्यावरून खाली झेपावते. श्रावणात तो धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो. पण आम्ही आलो होतो ते गाडीसाठी. महू-खंडवा मार्गाचं रुंदीकरण सुरू झालं तेव्हा घाटातला पातालपाणी ते कालाकुंड हा मीटरगेजचा तुकडा जपून ठेवला, आणि 25 डिसेंबर 2018 पासून त्यावर मोठमोठ्या काचांच्या डब्यांची हेरिटेज गाडी धावते. लहानपणी याच लायनीनं आम्ही अकोल्याला आजोळी जायचो. बोगदा आला की सगळी मुलं एका सुरात ओरडायची.

आजही ओरडली. दुसऱ्या बोगद्यात मीही ओरडले. यांनी माझ्याकडे बघितलं आणि तिसऱ्या बोगद्यात तेही सामील झाले.

या लायनीचा एक हिशेब मला फार आवडतो. 1870 साली दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं. व्याज साडेचार टक्के आणि मुदत 101 वर्षं! मी आजवर वीस वर्षांची, तीस वर्षांची कर्जं बघितली. एकशे एक वर्षं म्हणजे देणाऱ्यानं नातवाच्या नातवापर्यंतचा विचार केला. एक कोटीवर वर्षाला साडेचार लाख व्याज, त्या काळातले साडेचार लाख. खिडकीशी बसून मी हे यांना समजावत होते आणि पुढच्या बाकावरचा एक कॉलेजचा मुलगा कान देऊन ऐकत होता. शेवटी त्यानंच विचारलं, "फिर आगे क्या हुआ, आंटी?" मग त्याला सांगितलं की या घाटासाठीच फार वेळ आणि मेहनत लागली. चाळिसास एक असा उतार, पूल आणि बोगदे.

पातालपाणीजवळ टंट्या मामाचं ठाणं आहे. इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाला 1889 मध्ये जबलपूरला फाशी दिली आणि देह इथे रुळांपाशी आणून टाकला, असं सांगतात. गाड्या इथे मान देऊन मगच पुढे जातात, हा रिवाज मीटरगेजच्या काळापासूनचा. आमच्या गाडीनंही शिट्टी दिली. डब्यातल्या कितीतरी जणांनी हात जोडले.

कालाकुंड म्हणजे एवढंसं स्टेशन, चारी बाजूंनी डोंगर आणि पळसाच्या पानांत बांधलेला कलाकंद. आजोळी जाताना आई खिडकीतून हात बाहेर काढून दोन पुडे घ्यायची, एक आम्हाला आणि एक तिच्या आईला. पुडा सोडला तर आत अजून कोमट होता, पानाचा वास लागलेला. आज मीही दोनच घेतले. दुसरा कुणाला द्यायचा ते घेतल्यावर विचारात पडले. परतताना तो त्या कॉलेजच्या मुलाला दिला.

रविवार : मांडू

मुद्दाम जेवून निघालो. रविवारी मांडूला गर्दी लोटते हे आम्हाला इतक्या फेऱ्यांनंतर पाठ आहे, आणि ती साडेपाच-सहाला ओसरते हेही. धारवरून गेलो. शेवटच्या चढावर डाव्या हाताला काकडा खोहची दरी आली आणि तिच्यातून ढग वर येत होते. समोरून इंदूरच्या नंबराच्या गाड्यांची रांग परत निघाली होती. आम्ही तेवढे आत जात होतो. आयुष्यात पहिल्यांदा आमची मांडूत मुक्कामाची खोली होती.

जहाज महालात शिरलो तेव्हा पहारेकरी "अर्धा घंटा है" म्हणाला. पुरेसा होता. एका बाजूला मुंज तलाव, दुसऱ्या बाजूला कपूर तलाव, आणि मध्ये ही लांबच लांब इमारत. दोन्ही तलाव काठोकाठ भरलेले. नाव जहाज का, ते उन्हाळ्यात आलेल्याला कधीच कळायचं नाही.

गच्चीवर यांनी मला हाताला धरून एका कोपऱ्यात नेलं. दगडात कोरलेली शंखासारखी वळणावळणाची पन्हळ, आणि ती जिथे संपते तिथे पाकळ्या-पाकळ्यांचा हौद. मी इथे इतक्या वेळा येऊन फक्त मुलांना "कडेला जाऊ नका" म्हणत राहिले. हे खाली वाकले आणि पन्हळीत बोट फिरवत म्हणाले, "पाणी सरळ सोडलं असतं तर गाळासकट हौदात गेलं असतं. वळणं दिली की वेग मरतो, वेग मेला की गाळ बसतो. आमच्या फिल्टर प्लांटला आम्ही दुसरं काय करायचो?"

मांडूच्या पठारावर नदी नाही. एवढी मोठी राजधानी, एके काळी तिला शादियाबाद म्हणायचे, ती सगळी पावसाच्या पाण्यावर जगली. म्हणून जिकडे बघावं तिकडे तलाव, बावड्या, कुंडं, पन्हळी. छपरावरचा थेंब न् थेंब कुठेतरी जाऊन साठतो. घियासुद्दीन खिलजीच्या वेळचं, म्हणजे पाचशेहून जास्त वर्षांपूर्वीचं हे काम. तीस-बत्तीस वर्षं पाइप आणि व्हॉल्व्हमध्ये घालवलेला माझा नवरा त्या पन्हळीसमोर देवापुढे बसावं तसा उकिडवा बसला होता. पाहुण्यांबरोबर आलो की त्यांचं काम ठरलेलं होतं, गाडी चालवायची आणि तिकिटं काढायची. त्यांना हे सगळं माहीत आहे, हे मला लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर कळावं?

रात्री मुसळधार आला. दिवे गेले ते दीड तास आलेच नाहीत. जेवायला दाल-पानिये होते. मक्याच्या पिठाचे गोळे पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजलेले, वर पानाच्या शिरांचा ठसा उमटलेला, आणि सोबत लसणाची झणझणीत डाळ. मेणबत्तीच्या उजेडात तुपात बुडवून खाल्ले. मग व्हरांड्यात बसलो. तळ्याकडून बेडकांचा नुसता गजर चालला होता.

तेव्हा मी यांना माझ्या मनातली गोष्ट सांगितली, जी आजवर कुणाला सांगितली नव्हती. चेस्टमध्ये माझ्या हातांखालून रोज नोटा जातात. दहाच्या नोटेवर कोणार्क, वीसवर वेरूळ, पन्नासवर हंपी, शंभरवर पाटणची राणी की वाव, दोनशेवर आपल्या इथलं सांची, पाचशेवर लाल किल्ला. बंडलांच्या बंडलं मोजली, शिक्के मारले, पण त्यातला लाल किल्ला आणि वेरूळ सोडलं तर मी काहीच बघितलेलं नाही. सांची तर भोपाळच्या पुढे जरासं, तेही नाही. "मार्चपासून एकेक नोट बघायची," मी म्हटलं. "लहान नोटेपासून सुरुवात करायची की मोठ्या?"

हे अंधारात थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दोनशेपासून. सांची जवळ आहे. सकाळी निघून डब्यावर जाता येईल. पण डबा नको करूस."

सोमवार : मांडू ते महेश्वर

सोमवारचा उपास होता. इंदूरच्या मराठी माणसाला श्रावण दोनदा भेटतो. शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि राखीला संपतो. आपला तिथून पुढे अमावास्येपर्यंत चालतो. राखी होऊन आठवडा झाला होता. हॉटेलातल्या पोऱ्याला फराळाचं विचारलं तर तो म्हणाला, "सावन तो गया, माताजी." तरी बिचाऱ्यानं साबूदाण्याची खिचडी करून आणली, इंदुरी पद्धतीनं वाफवलेली, वर फराळी मिक्स्चर भुरभुरलेलं. उज्जैनला महाकालाची सवारी राखीनंतरच्या सोमवारीही निघते ती शिंद्यांच्या काळापासून, आपल्या मराठी पंचांगामुळे, असं म्हणतात. परमुलखात आपला महिना देवानं सांभाळला, याचं मला लहानपणापासून अप्रूप आहे.

होशंगशहाच्या कबरीपाशी पाच मिनिटं थांबलो. 1659 मध्ये शहाजहानच्या पदरचे चार स्थपती ही पांढरी संगमरवरी इमारत बघायला आले होते, दारापाशी तसा लेख आहे. वाटेवर गोरखचिंचेची ती राक्षसी झाडं, पिंपासारख्या बुंध्यांची. एका बाईकडून एक फळ घेतलं. मखमली साल, आत पांढऱ्या भुकटीसारखा आंबट गर. सासूबाईंना फार आवडायचा.

मग रूपमतीचा मंडप.

गाडी उभी करायच्या जागेजवळ एक मोठा सपाट दगड आहे. सासूबाई आणि मी त्याच्यावर बसायचो. त्या माळ ओढत असायच्या आणि वरून उतरणाऱ्या प्रत्येकाला, ओळखीचा असो-नसो, विचारायच्या, "दिसली का नर्मदा?" मांडूच्या बाज बहादूर सुलतानाची राणी रूपमती नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय अन्न घ्यायची नाही, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. बहुतेक जण म्हणायचे, "नाही आजी, धुकं आहे." त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली.

चढ काही फार नाही. मधे दोनदा थांबले, एवढंच. वर दोन घुमटाकार छत्र्या आणि पलीकडे एकदम काही नाही. नुसतं पांढरं. कडा कुठे संपतो आणि ढग कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. लोक येत होते, फोटो काढत होते, "कुछ नहीं दिख रहा" म्हणून उतरत होते. पाहुणे बरोबर असते तर आम्हीही उतरलो असतो, कारण पुढे रेवाकुंड राहिलेलं असतं, चहा राहिलेला असतो, अंधाराच्या आत घाट उतरायचा असतो.

आम्ही बसून राहिलो. पाऊण तास झाला असेल. वारा फिरला आणि खालून ढग फाटायला लागला. आधी एक हिरवं शेत दिसलं, खूप खाली, मग दुसरं, मग निमाडचं अख्खं मैदान उलगडत गेलं, आणि त्याच्या अगदी टोकाला, जिथे आकाश सुरू होतं तिथे, एक बारीक चकचकीत रेघ. मी यांच्याकडे बघितलं. यांनी मान हलवली, हो, तीच.

मी वळून दुसऱ्या बाजूला गेले. तिथून खाली तो दगड दिसतो का ते बघितलं. झाडामुळे दिसत नाही.

दुपारी मांडूचा घाट उतरून निमाडात आलो. हवा एकदम उबदार, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस. संध्याकाळच्या आत महेश्वर.

नर्मदा चहाच्या रंगाची होती. अहिल्या घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली, नावा किनाऱ्याला बांधून ठेवलेल्या, प्रवाहातल्या बाणेश्वराच्या देवळाला पाण्यानं वेढलेलं. आम्ही वरच्या पायरीवर बसलो. 1767 मध्ये कारभार हाती घेतला तेव्हा अहिल्याबाईंच्या मागे नवरा, सासरा, मुलगा सगळ्यांचे मृत्यू होते. त्यांनी राजधानी इथे आणली आणि 1795 पर्यंत इथूनच राज्य केलं. किल्ल्यातल्या त्यांच्या वाड्यात ती साधी गादी बघितली की माझं मन दर वेळी भरून येतं. आज तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी जमिनीवर बसून नमस्कार केला. उपास घाटावर दिवे लागल्यावर सोडला.

मंगळवार : महेश्वर ते घर

सकाळी विणकरांच्या गल्लीत गेलो. पाहुण्यांना आपण दुकानात नेतो. माग मी कधी नीट बघितला नव्हता. एका घराच्या पुढच्या खोलीत माझ्याच वयाच्या बाई मागावर बसल्या होत्या. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, म्हणून महेश्वरी अंगावर हलकी बसते. पायानं पावडी दाबायची, हातानं दोरी ओढायची, धोटा सटकन इकडून तिकडे, मग फणीनं ठोका. खटक्-सट्-खट्. काठावर लहर विणली जात होती, नर्मदेच्या लाटांची. दुसरे काठ त्यांनी घडीतून काढून दाखवले. ईंट, चटाई, चमेलीचं फूल, किल्ल्याच्या भिंतींवरून उचललेली ही नक्षी. पदराला पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे. काठ उलटा केला तर मागची बाजूही पुढच्यासारखीच.

धागा तुटला तेव्हा बाई थांबल्या. दोन टोकं बोटांत धरली, थुंकीनं ओलावली, एक पीळ दिला आणि पुन्हा ठोका. मी डोळे बारीक करून शोधलं, गाठ सापडली नाही. चष्म्याशिवाय काम करतात. त्यांना विचारलं, किती वर्षं बसता? "सून आली होऊन, तेव्हापासून." निवृत्ती वगैरे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. डाळिंबी रंगात लहरकाठाची एक साडी मांडायला सांगितली. फेब्रुवारीतल्या निरोपाच्या दिवशी नेसायला. त्या म्हणाल्या, दिवाळीनंतर या.

शेवटी पुन्हा एकदा घाट बघायचा म्हणून उतरलो आणि तिथे यांचा पाय शेवाळावरून सरकला. सुदैवानं डोकं वाचलं, पण उजवा घोटा बघता बघता सुजला. तिथल्या फुलवाल्या मुलानं धरून वर आणलं. डॉक्टरांनी तपासलं, हाड शाबूत आहे म्हणाले, पट्टी बांधली आणि सांगितलं, "गाडी चलाना मना."

मी गाडी पंचावन्नाव्या वर्षी शिकले. राजेंद्रनगर ते बँक, बँक ते भाजीबाजार. घाटात कधी नाही. यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. एवढे दिवस पर्समध्ये दुसऱ्याच किल्ल्यांसाठी हात जात होता.

मंडलेश्वरवरून जाम घाटाचा रस्ता धरला. हे शेजारी बसून पायाकडे बघायचं सोडून बाहेर बघत होते. इथून जवळच जलूद, जिथून नर्मदा उचलून इंदूरला आणतात. 1978 मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्याआधी यशवंत सागर आणि बिलावली या तलावांवर गावाची तहान भागत नव्हती, त्यासाठी लोकांना आंदोलन करावं लागलं होतं. रामबागेत नळाला नर्मदा आली त्या दिवशी आईनं पहिल्या तांब्याला हळदकुंकू वाहिलं होतं. यांच्या नोकरीची सुरुवातीची पाच वर्षं याच लायनीवर गेली. "नदीपासून इंदूर चारशे मीटरांहून उंच," हे सांगत होते. "टप्प्याटप्प्यानं पंप करत वांचू पॉइंटला चढवायचं. तिथून पुढे उतारानं आपोआप. दुसरा गिअर टाक. हॉर्न दे."

मी दुसरा टाकला. हॉर्न दिला. समोरून ट्रक आला तेव्हा हात घामेजले होते, पण गाडी बंद पडली नाही. एका वळणावर हे गप्पच झाले आणि मग मला कळलं की सूचना थांबल्या आहेत. पाइपलाइन कुठे दिसत होती, कुठे झाडीत दडत होती. पाणी आणि आम्ही एकाच डोंगरावर चढत होतो.

जाम गेटाशी थांबलो. अहिल्याबाईंच्या काळातला हा दरवाजा, माळवा आणि निमाड यांच्यामधला उंबरठा. ढग दरवाज्यातून आरपार जात होते. कणीस भाजणाऱ्या पोरानं यांचा पाय बघून गाडीच्या खिडकीशीच भुट्टे आणून दिले, लिंबू-मीठ चोळलेले. खाली निमाड होतं, दिसत काही नव्हतं. आम्ही भुट्टे संपेपर्यंत थांबलो.

घरी पोहोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. यांना सोफ्यावर बसवलं, पायाखाली उशी दिली. आमच्याकडे नळ एक दिवसाआड. शेजारच्या भाभींनी गॅलरीतूनच हाक मारली, "भाभीजी, नर्मदा आ गई!"

हे सवयीनं उठायला लागले. त्यांना बसवलं आणि कॉक सोडायला मी गेले.